नळाच्या पाण्याची चव कुठे बिघडते?

पुण्यात एकाच रस्त्यावरच्या दोन सोसायट्यांमध्ये पाण्याची चव वेगळी लागते. कधी तर एकाच सोसायटीच्या दोन विंगांमध्येही. नव्याने राहायला आलेल्या भाडेकरूच्या हे दोन-चार दिवसांतच लक्षात येतं. चहा नेहमीसारखा होत नाही, पाणी पिऊनही तहान भागल्यासारखं वाटत नाही, आणि मग घरात ठरतं, की आरओ घेऊन टाकू. दहा-पंधरा हजार रुपये जातात, घरमालकाच्या टाइल्सना भोकं पडतात आणि पुष्कळदा चव सुधारत नाही, नुसती बदलते. माझं म्हणणं असं, की पैसे घालण्याआधी ती चव पाण्यात नेमकी कुठे शिरते ते शोधावं. त्याला एक सकाळ पुरते. कारण सापडलं की उपाय बहुतेक वेळा स्वस्त असतो, भाडेकरूच्या हातातला असतो आणि घर सोडताना बरोबर नेता येतो.

सुरुवात उगमापासून करू. पुणे महापालिकेचं पाणी मुख्यतः खडकवासला साखळीतल्या धरणांतून येतं: टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खुद्द खडकवासला. शहराच्या पूर्व भागाला भामा आसखेडचंही पाणी मिळतं. पिंपरी-चिंचवडची मुख्य भिस्त पवना धरणावर आहे. या सगळ्यांत साठतो तो सह्याद्रीवरचा पाऊस. बेसॉल्टच्या कातळावरून तो भराभर वाहून येतो. खडकात मुरून क्षार गोळा करायला त्याला सवडच मिळत नाही. म्हणून हे पाणी मुळातच हलकं असतं. पर्वतीसारख्या जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीच्या जातीचं रसायन घालून त्यातला गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरांतून ते गाळतात आणि शेवटी क्लोरिन देतात. केंद्रातून बाहेर पडताना या पाण्याच्या चवीत क्लोरिनचा वास सोडला तर खोड काढण्यासारखं फारसं काही नसतं.

बोअरचं पाणी त्याच बेसॉल्टमधलं, पण आतल्या भेगांत आणि मुरमाच्या थरांत दीर्घकाळ मुरलेलं. मातीतला कार्बन डायॉक्साइड घेऊन ते किंचित आम्लधर्मी झालेलं असतं आणि खडकातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम विरघळवून घेतं. हे झालं जड पाणी. त्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. डाळीचं कारण मजेदार आहे: दाण्याच्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारं पेक्टिन कॅल्शियममुळे आणखी घट्ट होतं आणि कितीही शिट्ट्या झाल्या तरी दाणा फुटत नाही. तिसरं पाणी टँकरचं. तो महापालिकेच्या केंद्रावर भरला असेल तर एक चव, खासगी विहिरीवर भरला असेल तर दुसरी. सोमवारी चांगलं लागलेलं पाणी गुरुवारी मचूळ लागतं त्यामागे बहुधा टँकरच असतो.

ही तिन्ही पाणी सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत एकत्र होतात, पंपाने गच्चीवरच्या टाकीत चढतात आणि तिथून तुमच्या नळाला येतात. काही इमारतींत स्वयंपाकघराला महापालिकेची वेगळी लाइन आणि बाथरूमला बोअरचं पाणी अशी शहाणी सोय असते. तुमच्याकडे काय आहे याचं खात्रीचं उत्तर बहुतेक ठिकाणी वॉचमनकडे मिळतं, कारण पंप तोच चालू-बंद करतो आणि टँकरवाल्याच्या वहीत सहीही तोच करतो. टँकर आठवड्यातून किती वेळा येतो, बोअरचं पाणी कोणत्या टाकीत सोडतात आणि वरची टाकी शेवटची कधी धुतली, एवढं विचारलं तरी अर्धं चित्र स्पष्ट होतं.

उरलेलं अर्धं चाखून कळतं. काचेचे चार पेले घ्या. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही आणि धातूची चव मिसळते. साबणाचा वास राहणार नाही असे ते नीट विसळा. पहिल्या पेल्यात स्वयंपाकघरातल्या नळाचं सकाळचं अगदी पहिलं पाणी धरा, रात्रभर पाइपात थांबलेलं. दुसऱ्यात त्याच नळाचं, दोन-तीन मिनिटं सोडल्यानंतरचं. मधलं पाणी बादलीत धरून कुंड्यांना घालावं. तिसरा पेला पाण्याच्या वेळेत खाली जाऊन भरायचा, महापालिकेची लाइन सोसायटीत शिरते तिथून, मीटरजवळच्या किंवा खालच्या टाकीच्या तोंडाशी असलेल्या नळाचा. चौथ्यात बोअरचं पाणी. चारही पेल्यांवर बशा झाकून ते तासभर ओट्यावर एकत्र ठेवा, म्हणजे तापमान सारखं होईल; गार पाण्यातले दोष जिभेला कमी कळतात, आणि वेगवेगळ्या तापमानाची तुलना फसवी ठरते. मग एकेक बशी उचलून आधी वास घ्या. आपण ज्याला पाण्याची चव म्हणतो तिचा मोठा भाग नाकातूनच येतो. त्यानंतर घोट जिभेवर घोळवा आणि थुंकून टाका. गिळायचं नाही. पाणी गढूळ दिसलं किंवा गटारासारखा वास आला तर ते तोंडालाही लावू नका.

पहिला पेला वाईट आणि दुसरा ठीक असेल तर दोष तुमच्या घरातल्या पाइपात किंवा नळात आहे. पहिले दोन सारखेच वाईट आणि तिसरा चांगला असेल तर टाकीत किंवा बोअरच्या मिसळणीत. तिसराही तसाच असेल तर गोष्ट शहराच्या पाण्याची आहे, आणि तिथे कारणं साधारण दोनच असतात. एक म्हणजे क्लोरिन. पोहण्याच्या तलावासारखा हा वास पावसाळ्यात जास्त येतो, कारण धरणात गढूळ पाणी उतरतं आणि मात्रा वाढवावी लागते. दुसरं कारण मातकट वासाचं. उन्हाळ्यात साठा कमी होतो, पाणी कोमट होतं, शेवाळासारखे सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांतले काही जिओस्मिन नावाचं द्रव्य सोडतात. पहिल्या पावसानंतर मातीला जो गंध येतो त्यातही हेच द्रव्य असतं. माणसाचं नाक त्याच्या बाबतीत विलक्षण तीक्ष्ण आहे: लिटरभर पाण्यात दहा नॅनोग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका ग्रॅमचे अब्ज भाग केले तर त्यातले दहा, एवढं जिओस्मिन असलं तरी ते कळतं. त्या प्रमाणात ते अपायकारक नाही, पण पेला तोंडाशी नेताना मातीच चाखल्यासारखं वाटतं.

बाकीच्या चवी ओळखायला सोप्या. लोखंडासारखी किंवा रक्तासारखी चव आणि सकाळच्या पहिल्या धारेला तांबूस झाक असेल तर जुना गॅल्वनाइज्ड पाइप गंजलाय. प्लॅस्टिकचा वास बहुधा तापलेल्या काळ्या टाकीतून किंवा सिंकखालच्या नव्या नळीतून येतो. मचूळपणा क्षारांचा. सडक्या अंड्याचा वास आला तर पेला सिंकपासून दूर, खिडकीशी नेऊन पुन्हा हुंगा. तिथे वास येत नसेल तर तो पाण्याचा नाही, सिंकच्या ड्रेनेजचा आहे.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. चव चांगली म्हणजे पाणी सुरक्षित असा अर्थ होत नाही. आपल्या शहरांत पाणी ठरावीक वेळीच येतं. ते बंद असतं तेव्हा वाहिनीतला दाब जातो आणि गळक्या सांध्यांतून आसपासचं घाण पाणी आत ओढलं जाऊ शकतं. म्हणून थेट लाइनवरून पाणी भरत असाल तर पहिली काही मिनिटं ते वापरायच्या पाण्यात जाऊ द्यावं आणि पिण्याचं नंतर भरावं. २०२५च्या जानेवारीत सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या पट्ट्यात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे रुग्ण वाढले, काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि सगळ्या शहराचं लक्ष पाण्याकडे गेलं. असे जिवाणू पाण्याला ना रंग देतात ना चव. शंका असेल तेव्हा पाणी खळखळून उकळायचं, याला पर्याय नाही. त्या दृष्टीने पाहिलं तर क्लोरिनचा तो नकोसा वास आपला पहारेकरीच आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००मध्ये, लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेला असावा असं म्हटलंय. गावाकडे ग्रामपंचायतीचा माणूस टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून मग ‘ओटी टेस्ट’ करतो, नमुना पिवळा होतो का ते पाहतो, ती याच उरलेल्या क्लोरिनसाठी. त्यामुळे वास काढायचा तो पिण्याआधी थोडाच वेळ. क्लोरिन काढलेलं पाणी दोन-दोन दिवस साठवून ठेवायचं नाही.

आता टीडीएस मीटरविषयी. पेनाएवढं हे उपकरण काही शे रुपयांत मिळतं आणि भाडेकरूने ते जरूर घ्यावं, फक्त ते काय मोजतं हे माहीत असू द्यावं. ते पाण्यातून वीज किती सहज वाहते ते मोजतं आणि त्यावरून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतं. जंतू, कीटकनाशकं, गटाराचं पाणी यांतलं काहीही त्याला कळत नाही. मानकानुसार ५०० मिलिग्रॅमपर्यंतचा टीडीएस चांगला, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचा. जडपणाचे आकडे आहेत २०० आणि ६००. धरणाचं पाणी यात बहुधा फार खाली येतं, बोअरचं पुष्कळ वर. चार पेल्यांत मीटर बुडवून पाहा. नळाचा आकडा तिसऱ्या आणि चौथ्या पेल्यांच्या मध्ये आला तर तुमच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळतंय, आणि साधारण किती तेही त्यावरून कळतं.

हे समजलं की दारात येणाऱ्या विक्रेत्याचा एक जुना प्रयोगही समजतो. तो दोन पेले मांडतो, एकात तुमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या यंत्राचं. दोन्हींत धातूच्या कांड्या असलेलं विजेचं उपकरण बुडवतो. मिनिटाभरात नळाचं पाणी तपकिरी होतं, वर गाळाची साय येते, आणि घरातली माणसं हादरतात. तो गाळ पाण्यात नव्हताच. कांडी लोखंडाची असते. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचाच गंज पाण्यात उतरतो. यंत्राच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, वीज वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ राहतं. विक्रेत्याला थांबवून त्याच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाका आणि प्रयोग पुन्हा करायला सांगा. तेही पाणी तपकिरी होईल. ज्या घरात लहान मूल किंवा आजारी माणूस आहे तिथे या प्रयोगाने किती भीती घातली जाते हे मी पाहिलंय, आणि त्या भीतीपोटी घेतलेलं यंत्र पुष्कळदा त्या घराच्या पाण्याला नकोच असतं.

दोष घरातल्या नळात असेल तर उपाय फुकटात होतो. नळाच्या तोंडाला जाळी असते. सिंकच्या तोंडावर फडकं टाका, म्हणजे वॉशर ड्रेनेजमध्ये जाणार नाही. जाळीच्या कडीला जुनं कापड गुंडाळून हाताने फिरवा. घट्ट असेल तर पक्कड हलकेच लावा, क्रोमवर ओरखडा उठता कामा नये, नळ घरमालकाचा आहे. जाळी उलटी केली की आत वाळूचे कण, टाकीतला हिरवट बुळबुळीत थर आणि पांढरे खडे दिसतात. तुमचं रोजचं पिण्याचं पाणी त्यातूनच गाळून येत होतं. व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवून जुन्या टूथब्रशने घासा, धुऊन बसवा. दर महिन्या-दोन महिन्यांनी हे करायला हवं. सकाळचं पहिलं पाणी पिण्यासाठी धरायचं नाही, हीही सवय लावून घ्या. पितळी नळात शिशाचा अंश असू शकतो आणि रात्रभर थांबलेल्या पाण्यात तो उतरतो. गिझरचं गरम पाणी लवकर उकळतं म्हणून चहाला घेऊ नका. टाकीतला साका आणि गंज त्यात येतो.

क्लोरिनचा वास असेल तर रुंद तोंडाच्या पातेल्यात पाणी भरून, वर पातळ कापड बांधून रात्रभर ठेवा. तो बराचसा उडून जातो. अरुंद तोंडाच्या बाटलीत तेवढा जात नाही, कारण हवेला भिडणारा पृष्ठभाग कमी. पाच-दहा मिनिटं उकळल्यावरही जातो. पण उकळलेलं पाणी सपक लागतं, कारण त्यात विरघळलेली हवा निघून गेलेली असते. थंड झाल्यावर ते एका पातेल्यातून दुसऱ्यात उंचावरून धार धरून चार-सहा वेळा ओता. हवा परत मिसळते आणि चवीत खरोखर फरक पडतो. पाहुणे दारात असतील आणि वेळ नसेल तर एक जग पाण्यात लिंबू पिळा. त्यातलं क जीवनसत्त्व क्लोरिनला जवळजवळ लगेच निष्प्रभ करतं. एक मिलिग्रॅम क्लोरिनला अडीच मिलिग्रॅम पुरतं.

मातकट वासावर यांतलं काही चालत नाही. पाणी तापवलं की तो वास उलट जास्त जाणवतो. इथे कोळसा लागतो, ॲक्टिव्हेटेड कार्बन. नारळाच्या करवंटीचा कोळसा वाफेने भाजून त्यात इतकी सूक्ष्म छिद्रं पाडतात, की ग्रॅमभर कोळशाच्या आतला पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरतो. वासाचे रेणू त्याला कपड्याला कुसळं चिकटावीत तसे चिकटून राहतात. क्लोरिनला तर कार्बन रासायनिक क्रियेनेच संपवतो. क्लोरिन, मातकट वास, प्लॅस्टिकचा वास या तिन्ही तक्रारींवर एकच साधा कार्बन फिल्टर पुरतो, आणि माझ्या मते धरणाचं पाणी मिळणाऱ्या भाडेकरूची गरज बहुतेक इथेच भागते. तो नळाच्या तोंडाला बसणारा मिळतो: जाळी काढायची, त्या आट्यांवर सोबत आलेला ॲडॉप्टर फिरवायचा, झालं. ना प्लंबर, ना भोक. फिल्टरचा जग मिळतो, त्याला तर नळालाही हात लावावा लागत नाही. फिल्टरमध्ये कार्बनची नवी कांडी लावल्यावर पहिल्या पाण्यात काळी भुकटी येते; पाणी स्वच्छ होईपर्यंत ओतून द्यायचं. कांडी कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलायलाच हवी. जुना कार्बन वास धरणं थांबवतो, आणि क्लोरिन नसलेल्या त्या ओल्या जागेत जिवाणू वाढतात. नुसता कार्बन जंतू मारत नाही, त्यामुळे पाण्याच्या शुद्धतेविषयी शंका असेल तिथे तो एकटा पुरत नाही.

जड पाण्याचा प्रश्न वेगळा आहे. कार्बन क्षारांना हात लावत नाही. पण दख्खनच्या बोअरमधला जडपणा बराचसा बायकार्बोनेटचा असतो आणि तो उकळल्याने कमी होतो. पाणी उकळलं की कार्बन डायॉक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटची पांढरी पूड खाली बसते. इलेक्ट्रिक किटलीच्या बुडाला जो खडबडीत थर धरतो तो हाच. पाणी उकळून रात्रभर स्थिर ठेवा, सकाळी न हलवता वरचं ओता, तळचं दोन बोटं पाणी टाकून द्या. आधी आणि नंतर मीटर लावा. आकडा उतरलेला दिसेल आणि चहावरची तेलकट साय पातळ होईल. आकडा हललाच नाही तर जडपणा सल्फेट-क्लोराइडचा आहे, त्याला उकळणं उपयोगाचं नाही.

त्याहून सोपा उपाय जुन्या पुण्यातल्या बायका करत आल्या तोच आहे: पिण्याचं आणि डाळ-भाताचं पाणी पाण्याच्या वेळेत खालच्या महापालिकेच्या नळावरून भरून आणायचं आणि बोअर-टँकरचं धुण्या-भांड्याला ठेवायचं. दोन माणसांना दिवसाला आठ-दहा लिटर पुरतात. लिफ्ट असलेल्या इमारतीत हे अजिबात अवघड नाही. तरी त्यात कमीपणा वाटून लोक हजारो रुपये खर्च करतात, याचं मला वाईट वाटतं.

मग आरओ कुणाला? ज्याच्या स्वयंपाकघरात निव्वळ बोअरचं किंवा टँकरचं पाणी येतं, मीटर ५००च्या बराच वर आहे आणि दुसरा स्रोत नाही, त्याला. तिथे आरओला तोड नाही. पण हलक्या पाण्याला आरओ लावलं तर आधीच कमी असलेले क्षारही जातात आणि पाणी बेचव होतं; मग तेच क्षार थोडे परत घालायला यंत्रात आणखी एक कांडी बसवतात. शिवाय घरगुती यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर मोरीत जातात. २०१९च्या मे महिन्यात राष्ट्रीय हरित लवादाने टीडीएस ५००च्या खाली आहे तिथे आरओ वापरू देऊ नये असा आदेश पर्यावरण मंत्रालयाला दिला, तो या नासाडीमुळेच. आरओ असेलच तर त्याचं वाया जाणारं पाणी बादलीत धरा आणि फरशी, संडास, गाडी यांना वापरा. हलक्या पाण्याला जंतूंचीच काळजी असेल तर यूव्ही किंवा यूएफचं यंत्र योग्य. यूएफमधल्या बारीक नळ्या जंतू अडवतात आणि क्षार जाऊ देतात. यूव्हीचा दिवा जंतू मारतो, पण पाणी गढूळ असेल तर प्रकाश आतवर पोचत नाही, म्हणून त्याच्या आधी गाळणी हवी.

बसवताना भाडेकरूने भिंतीपासून दूर राहावं. ही यंत्रं ओट्यावर स्टँडवर ठेवता येतात. पाण्यासाठी सिंकखालच्या अँगल कॉकवर टी बसवायला सांगा. पाइपाला भोक पाडून पट्टा आवळायची जी सोपी युक्ती काही जण करतात ती करू देऊ नका, ती पुढे गळते. कॉक बंद करायचा, जोडणीची नळी सोडायची, मध्ये टी, आट्यांवर टेफ्लॉन टेप, आणि नळी परत घट्ट. घर सोडताना हेच उलट करायचं, नळीचा वॉशर मात्र नवा टाकायचा. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला महिन्याच्या भाड्याने मिळणारी यंत्रंही परवडतात. कांड्या बदलण्याची जबाबदारी कुणाची ते मात्र लिहून घ्यावं.

पाणी निर्दोष झालं तरी कोमट पाणी चांगलं लागत नाही, आणि फ्रीजचं दातांना झोंबतं. मधली जागा माठाची आहे. त्याच्या छिद्रांतून झिरपलेलं पाणी बाहेरच्या बाजूने वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. म्हणून माठ वारा लागेल असा ठेवावा, ओट्याच्या कोपऱ्यात कोंबू नये. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत पाणी उत्तम गार होतं. जुलैत हवाच ओली असल्याने जेमतेम. नवा माठ दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा, पहिलं एक-दोन दिवसांचं पाणी टाकून द्या. आतून साबण लावू नका, माती तो वास धरून ठेवते. नारळाच्या काथ्याने आणि मिठाने घासा. पाणी रोज बदला आणि काढायला दांड्याचं ओगराळं ठेवा, पेला बुडवू नका. जड पाण्याने माठाची छिद्रं काही महिन्यांत बुजतात, बाहेर पांढरे डाग पडतात आणि गारवा कमी होतो. तेव्हा माठ बदलायचा. धुतलेल्या वाळ्याची जुडी पातळ फडक्यात बांधून माठात सोडली तर पाण्याला सुंदर गंध येतो. दोन-तीन दिवसांनी ती उन्हात वाळवून परत घालावी.

टाकीचा दोष भाडेकरूला एकट्याने काढता येत नाही, पण मांडता येतो. दोन पेल्यांचे फोटो, मीटरचे आकडे आणि तारीख सोसायटीच्या ग्रुपवर टाकले की ‘पाणी खराब आहे’ या तक्रारीपेक्षा त्याला वजन येतं. झाकणाला तडा असेल तर उजेड आत जातो आणि शेवाळ धरतं. टाकी धुतल्यावर ती क्लोरिनच्या पाण्याने निर्जंतुक केली का तेही विचारा. जंतूंची शंका असेल तर एच-टू-एसची छोटी बाटली मिळते. खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवली आणि दीड-दोन दिवसांत आतलं पाणी काळं पडलं तर त्यात विष्ठेतले जिवाणू असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी प्रयोगशाळेचा अहवाल मागवून घ्या आणि तोपर्यंत घरात उकळलेलंच पाणी वापरा.

पुढचं घर बघायला जाल तेव्हा एजंट हॉलची बाल्कनी दाखवत असेल, तुम्ही बाथरूममध्ये जा. शॉवरच्या छिद्रांभोवती पांढरी खपली धरली असेल तर पाणी जड आहे. बेसिनमध्ये नळाच्या धारेखाली तांबूस ओघळ उमटला असेल तर पाइप गंजलेत. खिशातला मीटर स्वयंपाकघराच्या आणि बाथरूमच्या नळाला लावा. दोन्हीकडे सारखाच मोठा आकडा आला तर स्वयंपाकघराला महापालिकेची वेगळी लाइन आहे का, आणि नसेल तर खालच्या नळावरून पाणी भरू देतात का, हे ॲग्रीमेंटवर सही करण्याआधी विचारून घ्या.